टेन्शनमुळे मायटोकॉन्ड्रिया खराब होतात हे खरंय का?

जागरणवाला: एक व्हिडिओ बघितला, त्यात म्हणे सततच्या टेन्शनने मायटोकॉन्ड्रिया बिघडतात आणि मग मेंदू नीट चालत नाही. शाळेत पेशीचं ऊर्जाकेंद्र एवढंच पाठ केलेलं. पण मनातली काळजी पेशीच्या आत पोचते कशी? शेवटी को-क्यू-टेन (मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला लागणारा पदार्थ) च्या गोळ्यांची जाहिरात होती म्हणून डाउट आला.

पेशीपुराण: जाहिरात सोड, मूळ मुद्दा बराचसा खरा आहे. पोचते ती हॉर्मोनमधून. आणि गंमत म्हणजे कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शनमध्ये वाढणारं हॉर्मोन, बनतं तेच मुळात मायटोकॉन्ड्रियात, अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉलपासून सुरुवात होते ती पहिली पायरी मायटोकॉन्ड्रियाच्या आत आणि कॉर्टिसॉल तयार व्हायची शेवटची पायरीसुद्धा तिथेच. मग ते रक्तातून मेंदूत जातं, तिथल्या पेशींमधला त्याचा रिसेप्टर (त्याला पकडणारं प्रथिन) मायटोकॉन्ड्रियात पण शिरतो. टेन्शन थोडा वेळ असेल तर उलट फायदाच, मायटोकॉन्ड्रियाचं काम वाढतं. पण महिनोन्‌महिने तेच चालू राहिलं की क्षमता घसरायला लागते. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के पण ऊर्जा खातो जवळपास 20 टक्के, त्यामुळे फटका तिथे आधी जाणवला तर नवल नाही. शिवाय सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींच्या जोडांजवळचं कॅल्शियम आवरायचं कामही मायटोकॉन्ड्रियाच करतात, म्हणजे नुसता एटीपीचा, म्हणजे ऊर्जेचा प्रश्न नाहीये.

शंकासुर: हे सगळं उंदरांवरचं ना पण? उंदराला नळीत कोंडायचं आणि म्हणायचं बघा स्ट्रेस 🙄

पेशीपुराण: बरंचसं हो, आणि तो आक्षेप बरोबरच आहे. पण माणसांवर पण झालंय. कोलंबिया विद्यापीठातले मार्टिन पिकार्ड यावरच काम करतात. 2019 च्या एका प्रयोगात लोकांना तुमच्यावर आरोप झालाय असं समजून स्वतःची बाजू मांडायला लावली, बस काही मिनिटं, आणि अर्ध्या तासात रक्तात मोकळा फिरणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाढलेला दिसला. आता हा डीएनए पेशीबाहेर का येतो, तो नुसता कचरा की एखादा सिग्नल, यावर वाद चालूच आहे. त्यामुळे "टेन्शन म्हणजे मायटोकॉन्ड्रिया मेले" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो काहीतरी विकतोय.

जागरणवाला: ओके म्हणजे गोळ्या नकोत?

मीनलताई: को-क्यू-टेन ज्यांच्यात जन्मजात कमी बनतं त्यांना डॉक्टर देतात, तिथे उपयोग असतो. नुसत्या टेन्शनसाठी घ्यायला ठोस आधार नाही. आणि वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको, त्याचा असर कमी होऊ शकतो. व्यायामाने मात्र स्नायूंमधले मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे पक्कं आहे, मेंदूत किती वाढतात ते माणसात मोजणं अवघड. बाकी तुझं नाव बघता आधी झोपेचं बघ रे 😀

शंकासुर: उंदरांबद्दल अजून एक, कोंडणं थांबवलं की त्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या आखडलेल्या फांद्या बऱ्याच प्रमाणात परत वाढतात, तरुण उंदीर असतील तर जास्तच. हे व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत.