मदत हवी आहे: सेंटओएस ७ वर ५.१५ कर्नल कम्पाइल होत नाही, जीसीसी जुना

नमस्कार मंडळी,

कारखान्यातल्या मशीनचा डेटा गोळा करणाऱ्या एका छोट्या इंडस्ट्रियल पीसीसाठी लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ५.१५ कम्पाइल करायचा आहे. पीसीवर इंटेल आय२२५ नेटवर्क चिप आहे आणि तिचा आयजीसी ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ४.२० पासून आहे, म्हणून ही आवृत्ती. पंचाईत बिल्ड सर्व्हरची आहे. त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स आहे: जीसीसी (कम्पायलर) ४.८.५, ग्लिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) २.१७. त्यावर लायसन्सवालं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, ते दुसऱ्या कुठल्याही आवृत्तीवर चालत नाही. त्यामुळे ‘ओएसच बदला’ हा सल्ला कृपया नको.

‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (जुन्या सेटिंग्ज नव्या कर्नलला लावणारी कमांड) दिलं की पहिल्याच पायरीला गाडी अडते: ‘कम्पायलर इज टू ओल्ड’, तुमचा जीसीसी ४.८.५, किमान हवा ५.१.०.

ऑफिसमधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये किमान आवृत्त्या तपासणारी फाइल आहे, तिच्यातला आकडा ४.८ कर आणि पुढे जा. मला हे पटलं नाही, कारण एक जुना किस्सा. लिनक्सचा एआरएम प्रोसेसरसाठीचा भाग सांभाळणारे रसेल किंग यांना त्यांच्या ६४-बिट एआरएम मशीनवर मधूनच ईएक्सटी४ फाइलसिस्टिमच्या चेकसमचे (डेटा बिघडला का हे ओळखणाऱ्या आकड्यांचे) एरर येत होते. डिस्क, मेमरी, फाइलसिस्टिम, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. २०२१ च्या जानेवारीत दोषी सापडला तो जीसीसी ४.९. फंक्शन संपताना तो स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या डेटाची हद्द दाखवणारा पत्ता) आधी सरकवत होता आणि तिथला डेटा नंतर वाचत होता. त्या मधल्या क्षणी इंटरप्ट (हार्डवेअरचा मध्येच आलेला निरोप) आला की डेटा पुसला जायचा. जीसीसीत हा दोष २०१४ मध्येच दुरुस्त झाला होता, पण जुनी आवृत्ती वापरणाऱ्याला त्याचा काय उपयोग! त्यानंतर आधी ६४-बिट एआरएमसाठी आणि पुढे कर्नल ५.१५ मध्ये सगळ्यांसाठी किमान जीसीसी ५.१ झाला. माझा पीसी एक्स८६ आहे, तो विशिष्ट दोष मला लागू नाही, हे मान्य. पण तो कर्नल एकही एरर न देता कम्पाइल होत होता, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. आमचा पीसी महिनोन्‌महिने कुणी न बघता चालणार आहे.

म्हणून जीसीसी ११ सोर्समधून बांधला (४.८ ने तो बांधता येतो), वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि मेकला ‘सीसी’ म्हणून त्याचा पूर्ण पाथ दिला. आवृत्तीची तक्रार गेली. आता अडतंय ते इथे: ‘कॅनॉट जनरेट ओआरसी मेटाडेटा’ (कर्नलला स्टॅकचा माग काढायला लागणारी माहिती), लिबएल्फचं (बायनरी फाइल्स वाचणाऱ्या लायब्ररीचं) डेव्हलपमेंट पॅकेज टाका. पॅकेजेस टाकणारा यम मात्र काहीच उतरवत नाही, मिररलिस्ट (डाउनलोड सर्व्हरची यादी) सापडत नाही म्हणतो. शिवाय तपशील दाखवणारा ‘व्ही=१’ लावून पाहिलं तर काही फाइल्स अजून जुन्याच जीसीसीने बनताना दिसतात. हे चालेल का? आणि पीसीत मशीनचा डेटा घेणारं एक कार्ड आहे, त्या डेटा कार्डचा ड्रायव्हर कंपनीने सोर्सच्या रूपात दिलाय, तो कुठल्या जीसीसीने बांधायचा?

प्रतिसाद १

आकडा बदलला नाहीत ते फार बरं केलंत. तसंही ५.१५ मध्ये त्या वाटेने फार पुढे जाता आलं नसतं. बेरीज-गुणाकाराचा ओव्हरफ्लो तपासायला कर्नल जीसीसीची जी बिल्ट-इन फंक्शन्स वापरतो ती जीसीसी ५ मध्ये आली. त्याआधीच्या जीसीसीसाठी ठेवलेले पर्यायी मॅक्रो ५.१५ मध्येच काढून टाकले आहेत.

जुन्या जीसीसीने बनणाऱ्या फाइल्स म्हणजे फिक्सडेप, ऑब्जटूल, मोडपोस्ट वगैरे. हे प्रोग्राम बिल्ड सर्व्हरवरच चालतात आणि ‘होस्टसीसी’ने बनतात. तुम्ही फक्त ‘सीसी’ बदललात. दोन्ही एकच ठेवा, नाहीतर पुढचा एरर नेमका कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो.

ओआरसीच्या एररचा कम्पायलरच्या वयाशी संबंध नाही. लिबएल्फ आहे का हे पाहायला मेकफाइल होस्टसीसीने एक रिकामा प्रोग्राम लिंक करून बघते, तो लिंक झाला नाही की हा संदेश. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे मिररलिस्ट मिळत नाही. रेपो फाइल्समधल्या मिररलिस्टच्या ओळी बंद करून बेसयूआरएल ‘व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’कडे वळवा. मग एल्फयुटिल्स-लिबएल्फ-डेव्हल टाका आणि एससीएलचा (सिस्टिमला हात न लावता नवी साधनं शेजारी ठेवणारा) रेपो जोडून डेव्हटूलसेट-११ सुद्धा घ्या. त्यात जीसीसी ११ आणि नवे बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे) दोन्ही असतात. ‘एससीएल एनेबल’ केलेल्या शेलमध्ये सीसी आणि होस्टसीसी आपोआप तेच होतात, सिस्टिमच्या जीसीसीला धक्का लागत नाही, म्हणजे तुमचं जुनं सॉफ्टवेअरही सुरक्षित.

कर्नल बांधण्याआधी डॉट-कॉन्फिग (कर्नलच्या सेटिंग्जची फाइल) दुसरीकडे कॉपी करून ‘मेक एमआरप्रॉपर’ (जुन्या बिल्डचं सगळं पुसणारी कमांड) द्या, नंतर ती परत आणून ‘ओल्डडेफकॉन्फिग’. कम्पायलरला काय काय जमतं याची नोंद त्या फाइलमध्ये होते, ती नव्याने व्हायला हवी.

ड्रायव्हर कर्नलच्याच जीसीसीने बांधा. दोन्हींचे जीसीसी वेगळे असले की काय होतं ते उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा दिसलं होतं. कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला, सिस्टिमचा डिफॉल्ट जीसीसी ११. स्टॅकवरची व्हेरिएबल्स शून्य करणारा पर्याय ११ ला माहीतच नाही, म्हणून बाहेरचे ड्रायव्हर ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ म्हणत धडाधड फेल झाले. जीसीसी १२ टाकून तो वापरला की काम व्हायचं. कर्नल कशाने बांधलाय हे प्रॉक फोल्डरमधल्या व्हर्जन फाइलमध्ये दिसतं.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर. सर्व्हरवर डॉकर (एकाच मशीनवर दुसरी लिनक्स वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर डेबियन ११ चा कंटेनरही चालेल, त्यात जीसीसी १०.२ आहे. उबुंटू २२.०४ चा घेणार असाल तर डॉकर २०.१०.१० किंवा पुढचा हवा. त्याआधीचा डॉकर क्लोन३ ही सिस्टिम कॉल अडवतो, मग थ्रेड सुरू होत नाहीत आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा दिशाभूल करणारा एरर येतो. डेटा कार्डचा ड्रायव्हर कम्पाइल होताना काय म्हणतो ते इथे टाका, पाहू.