फायली उडाल्या नाहीत, लपल्यात
पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांवर अचानक छोटा बाण आलाय, आकार जेमतेम १-२ केबी, म्हणजे डेटा गेलाच, असं एकाने घाबरून लिहिलंय. थांबा, घाईने फॉरमॅट मारू नका! मागे दादर स्टेशनबाहेर एका झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून घरी आलो, तर माझंही हेच. पोटात गोळा आला. मग ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या: ८ जीबीपैकी ५ भरलेले. फायली गेल्या, तर मग जागा कुणी खाल्ली?

बाणवाले ते नुसते शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या चिमुकल्या फायली; हा व्हायरसचा उद्योग. व्हायरस खऱ्या फोल्डरांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो, म्हणून विंडोजमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समधल्या 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढा, खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. माझा सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबला होता! आधी स्कॅन करा, मगच कॉपी. शॉर्टकटवर मात्र चुकूनही डबल क्लिक नको, व्हायरस तिथूनच लॅपटॉपमध्ये शिरतो.

जाता जाता फाइल एक्स्टेन्शनही (नावाच्या शेवटचं .pdf, .exe असं शेपूट) दिसतील असं करून ठेवा, म्हणजे फाइल नेमकी कसली ते कळतं. विंडोज ती मुळातच लपवतं, हा मला शुद्ध आगाऊपणा वाटतो.