टॅरंटुला उताणी पडलीय, गेली का?? प्लीज लवकर सांगा

चिंतातुर_आई:
मंडळी मुलगा दोन आठवडे कॅम्पला गेलाय आणि त्याची टॅरंटुला, म्हणजे पाळलेली मोठी केसाळ कोळीण, माझ्या गळ्यात. आम्ही टेक्सासला असतो. चिलीयन रोज म्हणतात ती, नाव ठेवलंय चकली. झुरळ दिसलं तरी किंचाळणारी बाई मी, आणि आता दुकानातून जिवंत रातकिडे आणतेय, असो. महिनाभर ती खात नव्हतीच, मुलगा म्हणाला चालतं. आज सकाळी बघते तर जाळ्याची पांढरी चादर अंथरून त्यावर उताणी, आठही पाय वर, हलत नाही. पाणी शिंपडू का? पेटी हलवून बघू? पोराला काय तोंड दाखवू मी.

आठपाय्या:
ताई थांबा, हात लावू नका!! कात टाकतेय ती. मरायला टेकलेला कोळी शक्यतो उताणा पडत नाही, सरळ बसल्या जागी पाय पोटाखाली मुडपून घेतो, कारण पाय लांब होतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, दाब गेला की आपोआप आत वळतात. पेटीत रातकिडा असेल तर आधी तो काढा, नवी कातडी एकदम मऊ असते, रातकिडाच तिला कुरतडेल. पाणी अंगावर नको, वाटीत ठेवा. काही तास लागतात, धीर धरा.

चिंतातुर_आई:
होता एक, काढला. पापड भाजायच्या चिमट्याने, तो चिमटा आता कायमचा गेला. परवा तिच्या पोटावरचं टक्कल काळं पडलेलं दिसलं, मला वाटलं सडतंय.

आठपाय्या:
ते आतले नवे केस दिसत होते. हेच केस ती घाबरली की मागच्या पायांनी उडवते, खाजकुयली परवडली, त्यामुळे पेटीत तोंड घालून बघू नका, डोळ्यात गेले तर सरळ डॉक्टर. कात झाली की सुळे पांढरे दिसतील, काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही, मी तर दोन आठवडे थांबतो. आणि जुनी कात फेकू नका, नर की मादी ते तिच्या आतल्या बाजूने कळतं. मादी निघाली तर वीसेक वर्षं आहे तुमच्याकडे 😄

पुणेरी_निवांत:
वाचून मलाच घ्यावीशी वाटतेय. एक जण गुत्तीचा निळा टॅरंटुला देतो म्हणतोय, स्वस्तात.

आठपाय्या:
भावा नको. आंध्रात गुत्तीला रेल्वेच्या लाकूड डेपोत सापडलेल्या एका कोळ्यावरून १८९९ मध्ये त्याचं नाव पडलं, मग परत दिसला तो थेट २००१ मध्ये, तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या जंगलात. आहे तोही जंगलाच्या जराशा तुकड्यात, आणि ते जंगल तोडलं जातंय. २०१९ पासून साइट्सच्या (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे. विकणाऱ्याकडे कागद माग, कसा गायब होतो बघ. शिवाय याच्याकडे उडवायचे केसच नाहीत, हा थेट चावतो, आणि चावा चकलीसारखा सौम्य नाही, स्नायूंना गोळे येतात.

पुणेरी_निवांत:
बरं, मासेच बरे.

चिंतातुर_आई:
अहो पेटीत दोन चकल्या आहेत!! एक चुरगळलेल्या मोज्यासारखी रिकामी, दुसरी बाजूला बसलीय, गुलाबी गुलाबी, एक पाय हळूच ताणून बघतेय. दहा फोटो काढले. (लांबून.)