राक्षसीण म्हणून प्रश्न सुटत नाही

"पोटच्या पोराला मारते ती आई नव्हेच, राक्षसीण" असं स्वतःच्या मुलाचा जीव घेणाऱ्या आईबद्दल अनेकजण लिहितात. संताप कळतो. पण या एका शब्दात फार वेगवेगळ्या बायका कोंबल्या जातात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ फिलिप रेस्निक यांनी १९६९ मध्ये अशा हत्यांमागचे पाच हेतू मांडले. नवऱ्यावरचा सूड, नकोसं मूल, मारहाणीत गेलेला जीव, तीव्र मनोविकार हे चार. पाचव्याला त्यांनी 'परोपकारी' म्हटलं, आणि मला तोच सगळ्यात हादरवतो. आईला वाटतं, आपण जीव देणार, मग मागे या बाळाचं कोण? किंवा, याच्यावर काही भयंकर ओढवणार, त्यापेक्षा सुटलेलं बरं. तिच्या लेखी ती बाळाला वाचवत असते! माया आटलेली नसते, भ्रमाने मायेचाच ताबा घेतलेला असतो.

जन्मानंतर २४ तासांच्या आत होणाऱ्या हत्या वेगळ्या. तिथे बहुधा मनोविकार नसतो. लपवलेलं गरोदरपण आणि भीती असते.

बाळंतपणानंतरचा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा तीव्र मनोविकार) हजारात एक-दोघींना होतो, तोही बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, बोलणं तुटक होतं, भास होतात. यातल्या बहुसंख्य जणी बाळाला अजिबात इजा करत नाहीत (हे कृपया नीट वाचा), आणि उपचारांनी बऱ्याही होतात. पण ती आणीबाणी असते. "थकलीये, होईल ठीक" म्हणत घरच्यांनी दिवस काढू नयेत, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाळाला काही करण्याचे विचार तिने बोलून दाखवले, तर तिला रागावू नका आणि एकटीही सोडू नका.