ऑडिटसाठी पुरावे आपोआप गोळा करताना कोणती काळजी घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. आमची संस्था आयएसओ २७००१:२०२२ (माहिती सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित असून यंदा प्रथमच एसओसी २ टाइप २ ऑडिटला (ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्या सेवा-संस्थेच्या सुरक्षा-व्यवस्थेची तपासणी) सामोरी जात आहे. आजवर ऑडिट तोंडावर आले की प्रत्येक विभागाकडून स्क्रीनशॉट मागवायचे आणि कोणता कशासाठी याचा एक्सेल तक्ता करायचा, अशी पद्धत होती. टाइप २ मध्ये नियंत्रणे (जोखीम आटोक्यात ठेवण्यासाठी ठरवलेले उपाय) संपूर्ण कालावधीत प्रत्यक्ष राबवली गेली का, हे तपासले जात असल्याने एवढ्यावर भागणार नाही. म्हणून क्लाउड, ओळख व्यवस्थापन प्रणाली (वापरकर्त्यांची खाती व अधिकार सांभाळणारी) आणि तिकीट प्रणाली (कामे व अडचणींची नोंद ठेवणारी) यांतून एपीआयद्वारे (एका प्रणालीतून दुसरीने थेट माहिती घेण्याची सोय) रोज माहिती घेण्याचा विचार आहे. असा पुरावा ऑडिटर ग्राह्य धरतात का? सुरुवात कोठून करावी? आणि वर्षातून एकदाच उघडली जाणारी आमची जोखीम नोंदवही (संस्थेच्या जोखमी, त्यांचे मूल्यांकन आणि मालक यांची यादी) या कामाशी जोडता येईल का?

उत्तर १

मी माहिती प्रणालींचे ऑडिट करतो, त्यामुळे पहिल्या शंकेपुरते लिहितो. असा पुरावा ग्राह्य धरला जातो, आणि मला तो स्क्रीनशॉटपेक्षा अधिक पसंत आहे. मात्र संस्थेने स्वतः काढून दिलेली कोणतीही यादी हाती आली की ती पूर्ण आहे का आणि अचूक आहे का, हे ऑडिटर आधी विचारणारच. स्क्रिप्टने (आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) काढली म्हणून हे प्रश्न टळत नाहीत.

सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची खाती वेळेत बंद झाली का, हे नियंत्रण घ्या. पुष्कळ ठिकाणी स्क्रिप्ट ओळख व्यवस्थापन प्रणालीतून बंद खात्यांची यादी काढते आणि सगळे आलबेल दिसते. पण जे खाते बंद करायचे राहून गेले, ते बंद खात्यांच्या यादीत येणारच नाही. म्हणून मूळ यादी मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक नाव, शेवटच्या दिवसाच्या तारखेसह, खात्यांशी ताडून पाहावे. दुसरी नेहमीची त्रुटी म्हणजे एपीआय उत्तर पानापानांनी देते आणि स्क्रिप्ट पहिलेच पान वाचून थांबते. फाइल व्यवस्थित दिसते, नोंदी मात्र अर्ध्याच असतात.

यासाठी प्रत्येक फाइलसोबत वापरलेली क्वेरी (माहिती मागवण्याची आज्ञा), खाते व व्याप्ती, वेळ (टाइमझोनसह), एकूण नोंदींची संख्या, स्क्रिप्टची आवृत्ती आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) जतन करावा. स्क्रिप्टला केवळ वाचण्याचे अधिकार द्यावेत आणि फाइली अशा साठवणीत ठेवाव्यात, जेथे एकदा लिहिलेले ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही बदलता येत नाही.

उत्तर २

सुरुवात, माझ्या मते, जे पुसले जाते तेथून करावी. एडब्ल्यूएस क्लाउडट्रेलचा (ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये कोणी काय केले याचा लॉग, म्हणजे नोंद, ठेवणाऱ्या सेवेचा) इव्हेंट इतिहास वेगळा ट्रेल (नोंदी कायम साठवण्याची मांडणी) न केल्यास केवळ ९० दिवसांचाच दिसतो, तर पीसीआय डीएसएसनुसार (पेमेंट कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेचे मानक) ऑडिट लॉग किमान १२ महिने ठेवावे लागतात आणि त्यांतील शेवटचे तीन महिने विश्लेषणासाठी तत्काळ उपलब्ध असावे लागतात. गेलेला लॉग नंतर कोणत्याही साधनाने परत मिळत नाही. एन्क्रिप्शन, बहुघटक प्रमाणीकरण (लॉगिनला पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा), बॅकअप यांची सेटिंग्ज त्यानंतर घेतली तरी चालतील, पण कालावधी सुरू होण्याआधी ती सुरू असावीत.

पुराव्याला आयएसओच्या नियंत्रण क्रमांकाचे नाव देऊ नये. २०१३ च्या आवृत्तीतील ११४ नियंत्रणांची २०२२ मध्ये ९३ झाली, तेव्हा ज्यांनी फोल्डर क्रमांकानुसार लावले होते त्यांना सगळी फेरमांडणी करावी लागली. पुराव्याला स्वतंत्र ओळख द्या आणि कोणता पुरावा कोणत्या मानकाच्या कोणत्या कलमाला लागू होतो, याचा तक्ता वेगळा ठेवा. मग एकच फाइल आयएसओ आणि एसओसी २ अशा दोन्हींसाठी चालते.

आणि एक आग्रहाने सांगतो. प्रवेश-अधिकारांच्या आढाव्यात यादी काढणे, ती व्यवस्थापकाकडे पाठवणे, स्मरण देणे हे यंत्राने करावे. अधिकार ठेवायचा की काढायचा हा निर्णय माणसाचाच असावा, कारण तो निर्णय हेच तेथील नियंत्रण आहे. शेकडो नोंदी एकाच मिनिटात मंजूर झालेल्या असतील, तर ते वेळेच्या नोंदीतच दिसते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. रोजच्या तपासणीत नापास नोंदीही साठत जातील. त्या जपून ठेवणे म्हणजे ऑडिटरच्या हाती आपणच दोष देणे नव्हे का, अशी शंका आमच्या व्यवस्थापनाने काढली आहे.

उत्तर ३

त्या नोंदी कदापि काढून टाकू नयेत. जोखीम नोंदवहीशी जोडण्याचा दुवा नेमका तोच आहे. तपासणी नापास झाली की तिकीट आपोआप उघडावे, त्यात संबंधित जोखमीचा क्रमांक आणि तिच्या मालकाचे नाव यावे, आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर त्या जोखमीचे मूल्यांकन नव्याने व्हावे. ऑडिटर अशी घटना अपवाद (नियंत्रण पाळले न गेल्याचे उदाहरण) म्हणून अहवालात नोंदवू शकतो, हे खरे. परंतु ती कधी लक्षात आली, कोणी दुरुस्त केली आणि दरम्यान गैरवापर झाला का, हे दाखवता आले तर व्यवस्थापनाला आपले उत्तर पुराव्यानिशी देता येते.

मात्र निकालाच्या दोन नव्हे, तीन स्थिती ठेवा: पास, नापास आणि माहिती मिळाली नाही. टोकनची (स्क्रिप्टला प्रणालीत प्रवेश देणाऱ्या डिजिटल परवान्याची) मुदत संपून स्क्रिप्ट बंद पडली आणि डॅशबोर्डवर कालचाच हिरवा रंग राहिला, तर त्या दिवसांचा पुरावा नाही हे थेट ऑडिटच्या वेळी कळते. त्यामुळे तिसऱ्या स्थितीसाठीही त्याच दिवशी तिकीट उघडले पाहिजे, आणि ते सुरक्षा विभागाकडे न जाता स्क्रिप्ट सांभाळणाऱ्याकडे गेले पाहिजे.