मोठा फ्युएल पंप टाकला आणि पेट्रोलचं प्रेशर 58 पीएसआयपर्यंत चढतंय, प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर बदलू का?

टिळकवाडी_व्हीटेक:
नमस्कार मंडळी. गाडी 2002 ची सिटी व्हीटेक 1.5, केए 22 पासिंग. जुना पंप कुंई कुंई आवाज करायचा आणि चोर्ला घाटात चढाला गाडी दम सोडायची, म्हणून पंप बदलायला काढला. ओरिजिनल साइजचा लगेच मिळेना, कोल्हापुरात 255 लिटर पर अवरचा मिळाला तोच बसवून घेतला, पुढंमागं टर्बो करायचं पण डोक्यात हाय म्हणून म्हटलं एकदाच मोठा असूदे. आता चढाला गाडी छान ओढते पण स्लोला (उभ्या जागी नुसती चालू ठेवली की) हुंदके देते, पेट्रोलचा वास येतो, प्लग काढले तर काळेकुट्ट, ॲव्हरेज 13 वरनं 9 वर आलंय आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 0.5 टक्क्याच्या आत पाहिजे तिथं 2 च्या वर दाखवलं.

रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) प्रेशरचा गेज लावून बघितलं. इंजिन बंद ठेवून रिलेला जंपर (जोडवायर) देऊन नुसता पंप चालवला तर 51 पीएसआय, इंजिन चालू करून स्लोला 58, रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाइप काढला तर 59-60, म्हणजे फरक नाहीच म्हटलं तरी चालेल. आणि एक गोष्ट मला कळेना, हेडलाइट, एसीचा फॅन, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम लावलं की 55 वर येतं. माझ्या माहितीत व्हॅक्युम पाइप काढून 3 बार म्हणजे 43-44 च्या आसपास पाहिजे. माझा फिटर म्हणतोय रेग्युलेटर गेला, नवा टाकूया. टाकू का अजून काही बघू?

निपाणीकर_टर्बो:
ॲडजस्टेबल रेग्युलेटर टाक भावा, स्क्रू ढिला करून 43 वर आणायचं, विषय संपला. टर्बो करणारच असशील तर तो पुढं लागणारच हाय.

चंदगडचा_गडी:
पैसे खर्चायच्या आधी गेज तरी तपास की गा. स्वस्तातला गेज असला की 8-10 पीएसआय सहज इकडं तिकडं दाखवतो, आणि बॉनेटखाली तापला की अजून वेगळं. दुसरा कुणाचा तरी गेज लावून बघ, नाहीतर टायरवाल्याकडं हवेवर दोन्ही शेजारी शेजारी लावून बघ, पण त्या आधी गेजमधलं पेट्रोल सगळं निथळून कोरडा करून घे.

उद्यमबाग_फिटर:
गेज तपासायचं बरोबर हाय, ते कर. पण रेग्युलेटरला अजून हात लावू नकोस. तू दिलेल्या आकड्यांतच उत्तर हाय, नीट बघ.

पंप प्रेशर तयार करत नाही, पंप नुसतं पेट्रोल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते अडवल्यामुळं. तुझं इंजिन 106 हॉर्सपॉवरचं, फुल रेसला, चढाला, सगळं धरून तासाला 32-35 लिटरच्या वर खात नाही. स्लोला तर तासाला लिटरभर. मग 255 लिटरमधलं राहिलेलं जाणार कुठं? सगळं रेग्युलेटरमधनं रिटर्न लाइननं टाकीत. कंपनीनं ती रिटर्न लाइन लहान पंपाच्या हिशोबानं दिलेली. ज्यांच्या उसाला ड्रिप हाय त्यांना लगेच कळेल, 3 एचपीच्या जागी 5 ची मोटर बसवली आणि बायपासचा पाइप तोच ठेवला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूदे, फिल्टरवरचा काटा वर चढतोच.

आता तुझे आकडे. रेग्युलेटरच्या डायफ्रामवर (आतल्या पातळ पडद्यावर) एका बाजूला स्प्रिंग आणि मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा जाणाऱ्या नळीचा) व्हॅक्युम, दुसऱ्या बाजूला पेट्रोल. स्लोला व्हॅक्युम जास्त असतो म्हणून प्रेशर खाली ओढलं जातं. आपलं बेळगाव अडीच हजार फुटावर, त्यामुळं समुद्रसपाटीपेक्षा व्हॅक्युम दोनेक इंच (पाऱ्याचे) कमीच दाखवतो, तरी चांगल्या इंजिनला स्लोला 17 इंचाच्या आसपास मिळतो. म्हणजे 8 पीएसआय. पाइप लावला-काढला की 8 चा फरक पडलाच पाहिजे, तुझ्यात एक-दोनचा पडूलाय. म्हणजे रेग्युलेटर आधीच पूर्ण उघडून बसलाय, त्याला अजून उघडायला जागाच नाही. ते हेडलाइटचं पण तेच. इंजिन बंद असताना पंपाला 12 व्होल्ट, चालू झाल्यावर 14, लोड टाकला की परत थोडं कमी. व्होल्ट वाढले की पंप जोरात फिरतो, पेट्रोल जास्त येतं. रेग्युलेटरच्या ताब्यात प्रेशर असतं तर तो फरक त्यानं गिळला असता आणि गेजवर तुला काही कळलंच नसतं. 51, 58, 55 असं हलूलाय म्हणजे प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर नाही, रिटर्नमधली अडचण हाय. आता ती अडचण रेग्युलेटरच्या भोकात हाय का पुढच्या पाइपात, एवढंच शोधायचं.

टेस्ट सोपी हाय पण जपून कर. रेग्युलेटरवरचा रिटर्न पाइप काढ, तिथं नवीन मोठ्या भोकाचा फ्युएल पाइप लाव, क्लिप घट्ट, दुसरं टोक लोखंडी कॅनमध्ये. गाडी उघड्यावर, इंजिन थंड, कुणी बिडी-सिगरेट घेऊन जवळ येता कामा नये, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. इंजिन चालू करू नकोस, नुसता पंप जंपरनं चालव, आणि जंपर रिलेपाशीच दे, पेट्रोलच्या जवळ ठिणगी नको. 255 चा पंप म्हणजे मिनिटाला सव्वाचार लिटर. पाच लिटरचा कॅन सव्वा मिनिटाच्या आत भरून सांडतो हे ध्यानात ठेव. दहा-पंधरा सेकंद बास, तेवढ्यात गेज वाचून होतं.

45 च्या खाली आलं तर रेग्युलेटर ठणठणीत, दोष पुढच्या लाइनमध्ये. 50 च्या वरच राहिलं तर रेग्युलेटरचं भोक पुरेना, मग निपाणीकर म्हणतात तसा मोठा टाकावा लागेल. पण लाइनच अडलेली असेल तर ॲडजस्टेबल टाकून स्क्रू कितीही ढिला केला तरी काटा खाली यायचा नाही, चार-सहा हजार वाया.

निपाणीकर_टर्बो:
हे पटलं अण्णा. मी स्क्रूचं सांगितलं ते रिटर्न मोकळी असेल तरच चालेल. आमच्याकडं एकानं रेग्युलेटरच्या आत ड्रिल मारून भोक मोठं केलेलं, आता इंजिन बंद केलं की प्रेशर थांबतच नाही, सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. तसलं मात्र कुणी करू नका.

टिळकवाडी_व्हीटेक:
काका एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं, लई आभार. गेज दुसरा लावून बघितला, एकाचा फरक, म्हणजे गेज बरोबर. टेस्ट पण केली तुम्ही सांगितल्यासारखी. रिटर्न कॅनमध्ये सोडल्यावर 44! व्हॅक्युमच्या जागी हातपंपानं 17 इंच दिला तर 36 वर आलं. म्हणजे रेग्युलेटर चांगला हाय.

मग लाइन उलटी तपासत गेलो. टाकीत परत जाणाऱ्या लोखंडी पाइपला हवा मारली तर जाते, पण फुसफुस करत. रेलपासनं बॉडीच्या पाइपापर्यंत जो रबरी तुकडा हाय तो बाहेरनं चांगला दिसतो, कापून बघितला तर आतलं रबर फुगून भोक अर्धं राहिलंय. हा असा कसा फुगला?

खानापूर_ऑटो:
इथेनॉल. जुन्या गाडीतलं रबर इथेनॉलला टिकणारं नाही, फुगतं, मऊ पडतं, कधी आतला पापुद्रा सुटतो. आता सगळीकडं ई20 म्हणजे 20 टक्के मिळतं, पूर्वी 5-10 होतं तेव्हा एवढं जाणवत नव्हतं. आपल्या जिल्ह्यातलेच कारखाने उसापासनं इथेनॉल काढतात, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात ते चांगलंच, मी त्याच्या विरोधात बोलत नाही, पण वीस वर्षांच्या गाडीचे पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदा बदलून घ्यायलाच पाहिजेत. बाहेरच्या पाइपावर एसएई जे30 आर9 (पेट्रोल पाइपाचा दर्जा) छापलेलं बघून घे. आणि टाकीच्या आत पंपापासनं वर येणारा छोटा पाइप बघितलास का? पंप बदलताना तिथं साधा पाइप लावला असेल तर तो पेट्रोलमध्ये बुडून काही महिन्यांत फाटतो, कारण आर9 फक्त आतनं पेट्रोल सोसतो, बाहेरनं नाही. बुडणाऱ्याला आर10 लागतो, महाग हाय पण तोच घे. तो फाटला की उलटं होईल, प्रेशर पडेल आणि घाटात गाडी बंद.

टिळकवाडी_व्हीटेक:
टाकीचं झाकण उघडून बघितलं, आत साधाच पाइप होता, आर10 मागवून लावला. रिटर्नचा रबरी तुकडा नवा टाकला, टाकीकडचाही. आता व्हॅक्युम काढून 49, लावून 42. व्हॅक्युमचा फरक दिसायला लागला पण अजून पाच जास्तच. लोखंडी पाइप पण बदलू का?

उद्यमबाग_फिटर:
छान काम केलंस. हे राहिलेलं पाच तुझ्या लोखंडी पाइपाचं आणि टाकीतल्या तोंडाचं, त्याला 255 झेपत नाही. आता ठरवायचं ते तू. इंजेक्टरमधनं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढतं. तुझं 58 होतं, त्यात मॅनिफोल्डचा व्हॅक्युम 8 धरला तर इंजेक्टरच्या दोन टोकांत 66 चा फरक, पाहिजे 44, म्हणजे स्लोला जवळजवळ 23 टक्के जास्त पेट्रोल जात होतं, प्लग काळे होणारच. आता 42 अधिक 8 म्हणजे 50, साडेसहा टक्के जास्त. ऑक्सिजन सेन्सर चांगला असेल तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एवढं सांभाळून घेतो, पण फुल रेसला सेन्सरचं ऐकलं जात नाही, तिथं रिच, म्हणजे जास्त पेट्रोल घेऊन चालेल.

टर्बो खरंच पुढच्या काही महिन्यांत होणार असेल तर आताच मोठा रिटर्न पाइप टाकीपर्यंत ओढ आणि मोठा रेग्युलेटर टाक. नाहीतर माझं स्पष्ट मत, हा पंप काढून ठेव आणि ओरिजिनल साइजचा शोधून बसव. 35 लिटर खाणाऱ्या इंजिनला 255 चा पंप दिवसभर पेट्रोल गोल फिरवत बसतो, बॉनेटखाली तापवून परत टाकीत नेतो, उन्हाळ्यात त्याचा त्रास वेगळाच. ते पंपाला रेझिस्टर लावून व्होल्ट कमी करायचं कुणीतरी सुचवेल, स्लोला चालतं पण चढाला पाहिजे तेव्हा पंप अर्धपोटी, आणि वायर तापते. मी लावून देत नाही.

टिळकवाडी_व्हीटेक:
टर्बोला अजून वर्ष तरी हाय, पैसे साठायचेत. हुबळीला ओरिजिनल साइजचा पंप मिळाला, आर10 च्या पाइपासकट बसवला. व्हॅक्युम काढून 43, लावून 35, हेडलाइट-एसी लावून काटा हलत नाही. स्लो एकदम शांत, वास गेला. 255 चा डब्यात घालून ठेवलाय. प्लग नवे टाकले. अजून काही करायचं राहिलं का?

उद्यमबाग_फिटर:
ऑइल बदल. एवढे दिवस रिच चालली म्हणजे पेट्रोल रिंगांवरनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळलेलं असणार. डिपस्टिकचा वास घे, लेव्हल वर आलेली दिसली तर नक्कीच. फिल्टरसकट बदल आणि तोवर घाटात नेऊ नकोस. आणि ईसीयूचा फ्यूज थोडा वेळ काढून परत लाव, जुनं शिकलेलं विसरूदे त्याला, मग पाच-सहा दिवस गावात चालवून परत पीयूसी कर. 0.5 च्या आत आलं नाही तर मला सांग, मग ऑक्सिजन सेन्सर बघायला लागेल, काजळी धरली असेल.

चंदगडचा_गडी:
पीयूसीचा आकडा इथंच टाक गा, माझी पण त्याच साइजची जुनी गाडी हाय, मी आधी रबरी पाइप कापून बघतो.