हार्ट अटॅकनंतर पुन्हा हिंडू-फिरू लागताना : आपापले अनुभव लिहा

मागच्या मार्गशीर्षात मला अटॅक आला. वय ५४, राहणार रत्नागिरी. मनगटातून एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातला. चौथ्या दिवशी घरी सोडताना गोळ्यांची यादी दिली आणि "आराम करा" एवढंच सांगितलं. किती दिवस आराम? जिना चढायचा का? कुणी बोललं नाही. आमचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला, रस्त्यापासून ४७ पायऱ्या. मी अकरा दिवस खाली उतरलोच नाही. रात्री कुशीवर वळलो की स्वतःचे ठोके ऐकू यायचे आणि झोप उडायची.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हृदयाच्या दुखावलेल्या स्नायूवर पक्का व्रण धरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. त्या काळात जोर करायचा नाही, पण चालायचं मात्र नक्की. मी घरापुढच्या खळ्यातच सुरुवात केली, दिवसातून दोनदा ५-५ मिनिटं. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची. सहाव्या आठवड्यात अर्ध्या तासावर आलो.

आपल्याकडे खरी अडचण सपाटीची. घराबाहेर पडलं की एकतर चढ, नाहीतर उतार. म्हणून मी भाट्याची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, धरली. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. कोरड्या वाळूत तेवढंच अंतर चालायला दुप्पट दम लागतो. पुनवेला-अवसेला पहाटे ओहोटी मिळते, पुढे रोज सुमारे ५० मिनिटं उशीर. अष्टमीच्या सुमारास सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरती असते, तेव्हा खळ्यातच चालतो. पायऱ्या आता एका दमात चढत नाही, मध्ये दोनदा थांबतो.

तुम्ही कसे सावरलात ते लिहा. घाबरलात तेही लिहा, मला तेच जास्त वाचायचं आहे.

•

मी गुहागरची, वय ६१. माझ्या छातीत दुखलंच नाही. जबडा आणि पाठ दुखत होती, दोन दिवस पित्त समजून आमसुलाचं पाणी पीत राहिले. बायकांनो, हे लक्षात ठेवा.

अँजिओप्लास्टीनंतर महिनाभर घरच्यांनी कामाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या महिन्यात सगळी कामं हळूहळू परत आली, आणि चालायला जाते म्हटलं की "दिवसभर घरात चालताच की!" फिजिओथेरपिस्ट बाईंनी सुनेला समोर बसवून सांगितलं, घरकाम तुटक-तुटक होतं. आठवड्याला मिळून १५० मिनिटं, थोडा घाम येईलसं सलग चालणं वेगळं. हंडा उचलायचा नाही, रहाट ओढायचा नाही. आता सूनच पाच वाजता चपला पुढ्यात ठेवते. वाटेत कुणी ना कुणी "खंय चाललात?" विचारतं. "चालायलाच," म्हणते.

•

देवगडहून. मुलाने मनगटावर घड्याळ बांधलं. कितीही भरभर चाललो तरी ठोके ९५ च्या पुढे जाईनात, मला वाटलं हृदयात जोरच उरला नाही. ते मेटोप्रोलॉलमुळे होतं. ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. आता आकडा बघत नाही. सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये, एवढा वेग. खिशात सॉर्बिट्रेट असते. छाती भरून आली तर थांबायचं, आधी बसायचं आणि मगच गोळी जिभेखाली. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येते. तरीही आराम पडला नाही तर १०८.

•

मी मालवणचा, रापणीवरचा (किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढणारा) माणूस. चालण्याला डॉक्टर हो म्हणाले, दोर ओढायला नाही. दम कोंडून ओढलं की रक्तदाब एकदम चढतो. चार महिने मी फक्त मासळी निवडायला बसलो. सगळे ओढतायत आणि आपण टोपलीपाशी, ते फार लागलं मनाला. मग ट्रेडमिलची तपासणी चांगली आली. आता दोराच्या शेपटाला उभा राहतो आणि ओढताना मोठ्याने आकडे मोजतो, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. पुढचा पोरगा मध्येच ओरडतो, "काका, दम धरू नका!"

•

वडिलांबद्दल लिहितो. गाव चिपळूणजवळ, त्यांचं वय ६६. अटॅकनंतर बायपास झाली. छातीचं हाड तारेने सांधलेलं, तीन महिने वजन उचलायचं नाही असं बजावलेलं. नेमका तेव्हाच शिमगा आला. पालखी दारात आली आणि वयाच्या विशीपासून तिला खांदा देणारा माणूस नारळ हातात धरून ओटीवर उभा राहिला. पालखी गेल्यावर ते माजघरात जाऊन बसले, रात्री जेवले नाहीत.

वर्षभर त्यांनी चालणं चुकवलं नाही. पावसाळ्यात पडवीत फेऱ्या मारल्या, मी मुंबईहून फोनवर मिनिटं विचारायचो. यंदा डॉक्टरांना विचारलं. नाचवायची नाही, थोडं अंतर खांद्यावर घ्या, म्हणाले. आमच्या खळ्यातून शेजारच्या खळ्यापर्यंत बाबांनी खांदा दिला. मी शेजारून चालत होतो, नजर त्यांच्या चेहऱ्यावर. पलीकडे पोचल्यावर खांदा काढला आणि मला म्हणाले, "बघ, बोलता येतंय."